ठाकुरवाडीचा टँकर, आकाशातला टँकर

कर्जत-खालापूरच्या डोंगरातल्या ठाकुरवाड्यांत एप्रिल-मे आला की ‘टँकर’ या शब्दाला एकच अर्थ उरतो: पाण्याचा. मागणी पंचायत समितीकडे जाते, खेपा वहीत चढतात; पण गाडी बहुधा ठेकेदाराची असते आणि ड्रायव्हरही त्याचाच. यात कुणाला वावगं वाटत नाही. मात्र २८ मार्च २०२५ रोजी संरक्षण मंत्रालयाने मेट्रिया या खासगी कंपनीशी हवेत इंधन देणाऱ्या एका केसी-१३५ विमानाचा ‘वेट लीज’ करार केला म्हटलं, की समोरचा विचारतो: आता लढाईही ठेक्याने?

नाही. करार सरावासाठी आहे. हवाई दल आणि नौदलाच्या वैमानिकांनी या विमानाकडून हवेत इंधन घेण्याची तालीम करायची. भाड्याचा टँकर सीमेवर सुखोईंच्या मागे जाणार, हे चित्र त्या करारातलं नाही.

दुसरा घोळ ‘वेट’ या शब्दाचा. ‘ओलं’ म्हणजे इंधनाने भरलेलं, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात वेट लीज म्हणजे विमान, त्याचे वैमानिक, देखभाल आणि विमा हे सगळं मालकाकडून. इंधनाचा खर्च सहसा भाड्याने घेणाऱ्याच्याच माथी! मुंबईकरांना हा शब्द बेस्टमुळे ओळखीचा आहे: बस ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा, कंडक्टर मात्र बेस्टचा.

सगळ्यात मोठा गैरसमज या कामाच्या सोपेपणाबद्दल आहे. पेट्रोल पंपावर गाडी उभी राहते; इथे दोन्ही विमानं उडत असतात. टँकरच्या मागे लांब नळी सुटते, तिच्या टोकाला टोपलीसारखं तोंड. लढाऊ विमानाने आपल्या नाकाजवळची दांडी त्या टोपलीत खुपसायची. टँकरच्या वेगाशी वेग जुळवून, अगदी हळू पुढे सरकत. जवळ गेलं की लढाऊ विमानाच्या नाकापुढची हवाच टोपलीला बाजूला ढकलते, आणि टोपलीचा पाठलाग करायला गेलं की हुकलंच. नजर टोपलीवर न खिळवता टँकरवर ठेवायची, ही शिस्त पुन्हा पुन्हा करूनच अंगात भिनते. पुण्याच्या लोहगावचे सुखोई असोत की गोव्याच्या हंसा तळावरची नौदलाची मिग-२९के, ही विद्या सिम्युलेटरवर पुरी होत नाही. म्हणून खरी टंचाई आहे ती टँकरच्या उड्डाणतासांची.

‘टँकर आहे ना, मग कुणालाही पाजेल’ हेही खरं नाही. केसी-१३५ मुळात ताठ दांडा खाली सोडून इंधन देणारं विमान; तो दांडा टँकरमधला कर्मचारी समोरच्या विमानाच्या भोकात बसवतो. आपली लढाऊ विमानं टोपलीवाल्या पद्धतीची. त्यामुळे दांड्याच्या टोकाला नळी-टोपली जोडून किंवा पंखाखाली तशी यंत्रणा लावूनच जुळणी होते. ही टँकर विमानं तरुण नाहीत, हेही सांगून टाकतो: शेवटचं केसी-१३५ कारखान्यातून १९६५ मध्ये बाहेर पडलं. मेट्रियाने आपला ताफा सिंगापूर आणि फ्रान्सच्या हवाई दलांनी वापरलेल्या विमानांतून उभा केला.

भारताने काही जगावेगळं केलं, असंही नव्हे. अमेरिकेच्या नौदलाला ओमेगा ही खासगी कंपनी २००१ पासून हवेत इंधन देते. ब्रिटनने २००८ मध्ये एअरटँकर कंपनीशी २७ वर्षांचा करार केला. धोकेही खरे आहेत: १८ मे २०११ रोजी कॅलिफोर्नियातल्या पॉइंट मुगू तळावर ओमेगाचं बोइंग ७०७ उड्डाण करताना कोसळून जळालं, तिन्ही कर्मचारी वाचले.

राहता राहिला प्रश्न, आपल्याकडे टँकर नव्हतेच का? होते, आहेत. २००३ पासून दाखल झालेली सहा इल्युशिन-७८ विमानं आग्र्याला आहेत. पण ‘कॅग’ने २०१७ मध्ये नोंदवलं की २०१० ते २०१६ या काळात ती सरासरी ४९ टक्केच उड्डाणयोग्य होती, अपेक्षा ७० टक्क्यांची होती. जोडीला एअरबसचं ए-३३० दोनदा निवडलं गेलं आणि दोन्ही वेळा, २०१० आणि २०१६ मध्ये, खरेदी रद्द झाली. भाड्याने आलेलं एक विमान त्या न झालेल्या खरेदीची जागा भरून काढत नाही. आग्र्याच्या सहा विमानांवरचा सरावाचा भार तेवढा थोडा हलका होतो.