लेझरनंतर धुरकट दिसतंय? सिटिंग सोडू नका
शुगरमुळे डोळ्याचा पडदा खराब झाला, म्हणून बाबा भातकुलीहून अमरावतीला जाऊन लेझर करून आले. आणि घरी येऊन म्हणतात, "पहिलेच बरं दिसे. आता मी नाई जात."

नेमकं होतं काय? लेझरचा प्रखर प्रकाश पडद्याला बारीक चटके देतो, त्यामुळे काही वेळ डोळे दिपतात. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांमुळे चार-सहा तास जवळचं वाचता येत नाही, ऊन टोचतं. पडद्याच्या मध्यभागी सूज आली तर धुरकटपणा काही आठवडेही राहतो. रात्रीचं आणि कडेचं दिसणं मात्र थोडं कायमचंही कमी होऊ शकतं.

मग करायचं कशाला? हे लेझर नजर वाढवायला नसतं, आहे ती टिकवायला असतं. पडदा जास्त बिघडलेल्यांची नजर पार जाण्याचा धोका लेझरने निम्म्यावर येतो, हे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात १९७६ सालीच दिसलंय.

तेव्हा येताना गाडी तुम्ही चालवा, बाबांना गॉगल द्या, पुढच्या सिटिंगची तारीख मोबाइलमध्ये टाका. पण दिसणं अचानक कमी झालं, एका बाजूने सावली सरकली, काळे ठिपके एकदम वाढले किंवा डोळा खूप दुखला, तर तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.