पाणी दिलेला दांडा

लोहार विळ्याला ‘पाणी देतो’ म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहे. लाल तापलेलं लोखंड पाण्यात बुडवलं की ते कठीण होतं. आज सांगायचं आहे ते अशाच पाणी दिलेल्या एका दांड्याविषयी.

मृग तोंडावर आला होता आणि माझ्या मावसभावाचा पलटी नांगर अर्ध्या रानात बंद पडला. नांगर उलटवणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरच्या दांड्याचे टोकाचे आटे सोलवटले होते. नवा दांडा आठ दिवसांनी मिळणार होता. पाऊस थोडाच थांबणार? आम्ही कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका लेथवाल्या चाचांकडे गेलो.

“चाचा, खराब तेवढं कापा आणि मागं नवे आटे पाडून द्या,” भाऊ म्हणाला.

चाचांनी त्याच्या हाती कानस दिली. “ओढून बघ, बाळ. ही साधी सळई नव्हं.” कानस काचेवरून घसरावी तशी घसरली.

या दांड्याच्या अंगावर दोन आवरणं असतात. वर क्रोमचा मुलामा, जेमतेम मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा. त्याखाली विजेच्या कॉइलनं तापवून लगेच थंड केलेली, एक-दोन मिलिमीटरची कठीण साल. गाभा मात्र मऊ आणि चिवट. वरून कठीण, म्हणून ओरखडे पडत नाहीत आणि तेल धरणारं सील टिकतं. आतून चिवट, म्हणून झटक्यानं तुटत नाही.

करवतीचे दात इथे चालत नाहीत. चाचांनी पाणी सोडत, दगडी चाकानं टोक कापलं. गॅसनं कापलं तर उष्णतेनं पाणी उतरतं. चकमध्ये धरताना तांब्याची पट्टी घातली, कारण क्रोमवर एक चरा पडला तरी तेल गळू लागतं. मग कार्बाइडचं टूल पहिल्याच फेरीत सालीच्या खाली घातलं. वरवर घासत बसलं तर टूलच मरतं. चाळीस मिलिमीटरचा दांडा टोकाशी तीसवर आणला. आता मऊ गाभा हाती आला होता. त्यावर डाय न फिरवता लेथवरच, थोडे थोडे करत आटे पाडले. आटे संपतात तिथे कोपरा धारदार न ठेवता गोलसर ठेवला. तडा अशाच कोपऱ्यातून सुरू होतो.

“वेल्डिंगनं लवकर झालं नसतं का?” मी विचारलं.

“झालं असतं, आणि लवकर तुटलंही असतं,” चाचा म्हणाले.

त्यांचा हिशेब साधा होता. ६३ मिलिमीटरचा सिलिंडर आणि तेलाचा दाब चौरस सेंटिमीटरला १५० किलो धरला, तर दांडा आत ओढताना आट्यांवर सुमारे पावणेतीन टन ओढ येते. असं पोलाद वेल्डिंगच्या जोडाशेजारी ठिसूळ होतं. शेजारी माणूस उभा असेल तर?

दांडा ४५ मिलिमीटर आखूड झाला होता. तसाच बसवला असता तर नांगर पुरता उलटला नसता. म्हणून तेवढाच लांब नवा डोळा बनवला. सिलिंडर मिटताना तो तोंडावर आपटणार नाही ना, हे चाचांनी कापण्याआधीच मोजून ठेवलं होतं. “दांडा वाकलेला असता, तर मी हातच लावला नसता. नवाच घ्यायला सांगितलं असतं,” ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी नांगरट पुरी झाली आणि चौथ्या दिवशी पाऊस आला. कुठे कठीण राहायचं आणि कुठे मऊ, हे त्या दांड्याला कळत नव्हतं. चाचांना कळत होतं.