सातबारा आणि दृष्टिहीन खातेदार

सातबाऱ्याचा उतारा आतां मोबाइलवर मिळतो, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. चावडीचे हेलपाटे त्यामुळें पुष्कळ वांचले. परंतु ज्या खातेदारास डोळ्यांनीं दिसत नाहीं, त्याच्या वाट्यास ही सोय कितपत येते?

दृष्टिहीन मनुष्यहि मोबाइल वापरतो. पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविण्याची योजना त्यांत असते. मात्र सरकारी संकेतस्थळानें चित्रांतील वेडींवांकडीं अक्षरें ओळखून लिहावयास सांगितलें, कीं ती योजना मुकी होते. पाटाचें पाणी बांधापर्यंत आणावें आणि दारें धरूं देऊं नये, तसेंच हें. मग शेजाऱ्यास विनवावें लागतें, आणि जमिनीचा, बोज्याचा सारा तपशील त्याच्या डोळ्यांखालून जातो. भाऊबंदकीच्या घरांत याचा अर्थ काय, हें शेतकऱ्यास सांगावयास नको.

उपाय अवघड नाहीं. तींच अक्षरें ध्वनीनें ऐकवावीं, प्रत्येक रकान्यास व बटणास शब्दांत नांव द्यावें, आणि उतारा चित्ररूपानें न देतां मजकूररूपानें द्यावा. ही कृपाहि नव्हे. बँकेंत ओळख पटविण्यासाठीं डोळ्यांची उघडझाप करावयास लावण्याच्या रीतीविरुद्ध आम्लहल्ल्यांतील पीडित व दृष्टिहीन अर्जदार सर्वोच्च न्यायालयांत गेले होते. न्यायालयानें ता. ३० एप्रिल २०२५ रोजीं अशा सेवांपर्यंत पोहोंचणें हा घटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या हक्काचाच भाग ठरविला.

आपल्या गांवीं असा खातेदार असल्यास पुढील ग्रामसभेंत त्यास त्याच्याच मोबाइलवर उतारा काढावयास सांगावें. तो जेथें अडेल तेंच तक्रारींत लिहावें, अशी आमची सूचना आहे.