‘अध्यक्ष’ आणि ‘सरपंच’ : बोगादीच्या निमित्ताने स्थानिक सत्ताकारणाच्या परिभाषेचा विचार

ग्रामीण राजकारणावरील भारतीय साहित्यकृतींची तुलना करताना ‘गाव’, ‘पंचायत’ आणि ‘मत’ या संज्ञा सर्व भाषांत समानार्थी आहेत, असे बहुधा गृहीत धरले जाते. हे गृहीतक तपासण्यासाठी म्हैसूरच्या पश्चिम सीमेवरील बोगादी हे उदाहरण उपयुक्त ठरते. ग्रामपंचायतीच्या कारभाराखालील या गावाला २०२० मध्ये कर्नाटक शासनाने पट्टण पंचायतीचा, म्हणजे मराठीतील नगरपंचायतीचा, दर्जा दिला. श्रीरामपुरा, रम्मनहळ्ळी आणि कडकोळ या गावांचेही त्याच वेळी असेच रूपांतर झाले.

कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या प्रमुखास ‘अध्यक्ष’ म्हणतात आणि मराठी अनुवादात त्याचा सहजपणे ‘सरपंच’ होतो. परंतु या दोन पदांमागील मतदानाची रीत भिन्न आहे. १९९३ च्या कर्नाटक पंचायत राज अधिनियमानुसार मतदार सदस्य निवडतात आणि सदस्य आपल्यातून अध्यक्ष निवडतात. महाराष्ट्रातही पूर्वी हीच पद्धत होती. २०१७ मध्ये सरपंचाची निवड थेट मतदारांकडे आली, २०२० मध्ये ती पुन्हा सदस्यांकडे गेली आणि २०२२ मध्ये परत मतदारांकडे आली. म्हणजे ‘सरपंच’ या एकाच मराठी शब्दाने अवघ्या पाच वर्षांत दोन भिन्न सत्तासंबंध वाहिले आहेत. अप्रत्यक्ष निवडीत खरे राजकारण मतदानानंतर सुरू होते. सदस्यांची जुळवाजुळव, आरक्षणाची प्रतीक्षा, फुटीचे भय हे त्याचे घटक होत. थेट निवडीत तो ताण मतदानाच्या दिवसापर्यंतच्या भावकीच्या बैठकांत एकवटतो. कथानकाचा उत्कर्षबिंदू कोठे येणार, हे अशा रीतीने कायदाही ठरवीत असतो.

दुसरा मुद्दा पक्षचिन्हाचा आहे. दोन्ही राज्यांत ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही. मात्र पक्ष नसतो असे नव्हे. तो मराठी गावात ‘पॅनेल’च्या आणि सर्वत्र नात्यागोत्याच्या आडोशाने वावरतो. बोगादी ज्या चामुंडेश्वरी विधानसभा मतदारसंघात येते, तेथील निकाल या संदर्भात बोलके आहेत. २००६ च्या पोटनिवडणुकीत सिद्धरामय्या काँग्रेसतर्फे केवळ २५७ मतांनी विजयी झाले. २०१८ मध्ये, मुख्यमंत्रिपदावर असताना, त्याच मतदारसंघात जनता दलाचे (धर्मनिरपेक्ष) जी. टी. देवेगौडा यांनी त्यांचा ३६,०४२ मतांनी पराभव केला. मधल्या काळात मतदारसंघाची पुनर्रचना झाली होती, हे ध्यानात घेऊनही एक गोष्ट स्पष्ट होते : राज्यपातळीवरील प्रतिष्ठा ही स्थानिक निष्ठेची हमी नव्हे. हे आकडे संपूर्ण मतदारसंघाचे आहेत. त्यांवरून एका गावाचा कल काढता येत नाही. पक्षचिन्हाविना झालेल्या पंचायत निवडणुकांशी त्यांची सरळ तुलनाही शक्य नाही. गावाचे मत आकडेवारीत दिसते त्याहून अधिक त्याच्या बोलण्यात असते, आणि म्हणूनच तो साहित्याभ्यासकाचाही विषय ठरतो.

हे बोलणे जेथे अधिकृतपणे नोंदले जाते ती जागा म्हणजे ग्रामसभा. गावाचे नगर होताच ते संविधानाच्या ७३ व्या दुरुस्तीच्या कक्षेतून ७४ व्या दुरुस्तीच्या कक्षेत जाते आणि ग्रामसभा संपुष्टात येते. प्रभागातून एक प्रतिनिधी, तोही पक्षचिन्हावर, अशी नवी रचना येते. बोगादीत ती प्रत्यक्षात येण्यापूर्वी कारभार प्रशासकाकडे गेला. जुने सदस्य गेले, नवे आले नाहीत. तक्रार सांगायची ती अधिकाऱ्याला. नव्या वसाहतींतील रहिवाशांचे प्रश्न पाणी, सांडपाणी आणि ‘खाता’ यांचे असतात. हा कन्नड ‘खाता’ म्हणजे मराठीतील बँकेचे खाते नव्हे. ती मिळकतीची करनोंद होय. मूळ गावकऱ्याचे गाऱ्हाणे जमीन आणि वाडवडिलांचा मान यांभोवती फिरते. एकाच प्रभागात हे दोन शब्दकोश शेजारी नांदतात.

या दृष्टीने विजय तेंडुलकरांच्या लेखनातून साकारलेला ‘सामना’ (१९७४) आणि यू. आर. अनंतमूर्ती यांची ‘अवस्थे’ (१९७८) यांचे सहवाचन उद्बोधक ठरेल. पहिल्यात सत्ता साखर कारखान्याच्या सहकारी जाळ्यातून उभी राहते, तर दुसरीत शेतकरी चळवळीतून वर आलेल्या नेत्याच्या आत्मपरीक्षणातून तिचा वेध घेतला जातो. दोन्हींना ‘ग्रामीण राजकारणाचे चित्रण’ असे एकच नाव दिल्यास सहकार आणि चळवळ या दोन भिन्न उगमांचा विसर पडतो.

तात्पर्य, अनुवादकाने ‘अध्यक्ष’ हा शब्द तसाच ठेवून त्याची निवड कशी होते हे वाचकास कळू द्यावे, आणि तुलनाकाराने कृतीतील पंचायत कोणत्या कायद्याखाली, कोणत्या वर्षी भरली आहे हे प्रथम पाहावे. बोगादीसारखी गावे नगरांत विरघळत असताना ग्रामसभेची भाषा कोठे जाते, हा प्रश्न समाजशास्त्राइतकाच साहित्याचाही आहे. त्या भाषेची नोंद वेळीच झाली नाही, तर पुढील अभ्यासकाच्या हाती केवळ मतांचे आकडे उरतील.