चेंडू मोजा, पाठ वाचवा

मे महिन्यात सकाळी सहालाच मैदाने गजबजलेली असतात. नेटच्या एका टोकाला मुलांची रांग लागलेली असते, प्रत्येकाच्या हातात चेंडू असतो आणि डोळ्यांसमोर जसप्रीत बुमराचा यॉर्कर. वेगवान गोलंदाजीसाठी खास शिबिर असल्याचा फलक लागला की पालकांची चौकशी सुरू होते. रोज किती चेंडू टाकायला मिळतील, हा त्यातला नेहमीचा प्रश्न. आकडा मोठा असेल तर पैसे वसूल झाले, असा सर्वसाधारण समज आहे. वाढत्या वयातल्या पाठीच्या दृष्टीने मात्र हा समज धोक्याचा आहे.

वेगवान गोलंदाज धावत येऊन पुढचे पाऊल आपटतो, त्या क्षणी जमिनीकडून त्याच्या पायावर शरीराच्या वजनाच्या पाचपट किंवा त्याहूनही जास्त बल येते. ४५ किलोच्या मुलासाठी हा भार सव्वादोनशे किलोच्या घरात जातो. पाय, गुडघा आणि मांडीमार्गे तो कमरेपर्यंत पोहोचतो. नेमक्या त्याच वेळी कंबर मागे वाकलेली, एका बाजूला झुकलेली आणि पिळलेली असते. उजव्या हाताने गोलंदाजी करणाऱ्याचे धड डावीकडे झुकते आणि कमरेच्या शेवटच्या मणक्यांच्या डाव्या भागावर दाब येतो. प्रत्येक मणक्याच्या मागच्या बाजूला, वरच्या व खालच्या सांध्यांना जोडणारा हाडाचा एक अरुंद पूल असतो. तोच पुन्हा पुन्हा दाबला जातो.

एका चेंडूने हाडाला काही होत नाही. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण त्याच जागी वाकवत राहिले तर तुटते. हाड मात्र तारेसारखे निर्जीव नाही. विश्रांती मिळाली तर ते सूक्ष्म इजा भरून काढते आणि अधिक मजबूत होते. इजा होण्याचा वेग दुरुस्तीच्या वेगापेक्षा जास्त झाला की आधी हाडाला आतून सूज येते आणि तरीही गोलंदाजी चालूच राहिली तर चीर पडते. यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात.

किशोरवयात हा धोका वाढतो. मुलगा वर्षभरात भराभर उंच होतो तेव्हा हाडांची लांबी आधी वाढते, त्यांची घनता आणि स्नायूंची ताकद मागून येते. कमरेच्या मणक्यांना पूर्ण पक्के व्हायला विशीचा मध्य उजाडतो. उंच झालेल्या मुलाचा वेग वाढलेला असतो, म्हणून संघात त्यालाच सर्वाधिक षटके मिळतात. हाड सर्वांत नाजूक असते तेव्हाच त्याच्यावर सर्वाधिक भार पडतो.

मोठ्या गोलंदाजांनीही याची किंमत मोजली आहे. ऑस्ट्रेलियाच्या पॅट कमिन्सने २०११ मध्ये वयाच्या १८व्या वर्षी कसोटी पदार्पणातच सामनावीराचा मान मिळवला. त्यानंतर पाठीची दुखणी वारंवार उद्भवली आणि त्याची दुसरी कसोटी उजाडली ती थेट मार्च २०१७ मध्ये, रांचीला. बुमराला २०१९ मध्ये कमरेच्या स्ट्रेस फ्रॅक्चरमुळे बाहेर बसावे लागले आणि २०२३ मध्ये पाठीवर शस्त्रक्रिया करावी लागली.

त्याआधीच्या पिढीत डेनिस लिलीला १९७३ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात हीच दुखापत झाली होती. त्याची कारकीर्द संपल्याची चर्चा होती. लिलीने प्लास्टरमध्ये दिवस काढले, शास्त्रशुद्ध व्यायामाने शरीर नव्याने घडवले आणि १९७४-७५ मध्ये इंग्लंडविरुद्ध पुनरागमन केले. पुढे चेन्नईत १९८७ मध्ये एमआरएफ पेस फाउंडेशन सुरू झाले तेव्हा तिथल्या प्रशिक्षणाची धुरा याच लिलीकडे आली. वेगवान गोलंदाज होण्याच्या इच्छेने तिथे गेलेल्या सचिन तेंडुलकरला फलंदाजीवर लक्ष देण्याचा सल्ला मिळाला, हा किस्सा सर्वांना ठाऊक आहे. श्रीरामपूरचा झहीर खानही तिथेच घडला. विशेष प्रशिक्षणाचा खरा उपयोग इथे दिसतो. कोणी काय करावे, कसे करावे आणि कधी थांबावे हे जाणकार नजर सांगू शकते.

जाणकार प्रशिक्षक सर्वप्रथम शैली पाहतो. खांदे एका दिशेला आणि नितंब दुसऱ्या दिशेला असतील तर कंबर जास्त पिळली जाते. चेंडू सोडताना धड बाजूला फार झुकत असेल तर तोही इशाराच. असे दोष लहान वयात सुधारता येतात. पण शैली निर्दोष असली तरी संख्येचा प्रश्न उरतोच.

इंग्लंडमध्ये मुलांसाठी वापरल्या गेलेल्या मार्गदर्शक मर्यादांनुसार १३ वर्षांपर्यंतच्या वेगवान गोलंदाजाने एका स्पेलमध्ये ५ आणि दिवसभरात १० षटकांपेक्षा जास्त टाकू नयेत. आठवड्यात चारपेक्षा जास्त दिवस आणि सलग दोनपेक्षा जास्त दिवस गोलंदाजी नको, असेही त्यात सुचवले आहे. आता सुट्टीतल्या एखाद्या १३ वर्षांच्या मुलाचा दिवस पाहावा. तो सकाळी शिबिरात ८ षटके टाकतो आणि संध्याकाळी क्लबच्या नेटमध्ये आणखी ८. दोन्ही प्रशिक्षकांच्या मते मर्यादा पाळली गेली. मुलाच्या कमरेने मात्र १६ षटके, म्हणजे ९६ चेंडू सोसले. सहा दिवसांत हा आकडा ५७६ वर जातो. परीक्षेच्या काळात दोन महिने चेंडूला हातही न लावता अचानक हा भार आला तर धोका आणखी वाढतो.

पालकांनी ओळखायची लक्षणे फार नाहीत. कमरेच्या खालच्या भागात, बहुधा एकाच बाजूला दुखते. पाठ मागे वाकवली किंवा गोलंदाजी केली की दुखणे वाढते आणि विश्रांतीने कमी होते. ते कमी होते म्हणूनच दुर्लक्ष होते. बाम चोळून किंवा वेदनाशामक गोळी देऊन मुलाला सामन्यात उतरवणे सर्वांत वाईट. अशी कंबरदुखी चालूच राहिली तर गोलंदाजी थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीची इजा अनेकदा दिसत नाही, एमआरआयमध्ये हाडाची सूज दिसू शकते. या टप्प्यावर निदान झाले तर काही महिन्यांची विश्रांती, पोट-पाठीच्या स्नायूंचे व्यायाम आणि टप्प्याटप्प्याने पुनरागमन एवढ्यावर बहुतेकांचे भागते. शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते.

शिबिरात नाव घालण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. टाकलेल्या चेंडूंची नोंद ठेवतात का? आठवड्यात गोलंदाजीविना किती दिवस असतात? दुखत असल्याचे सांगणाऱ्या मुलाला काय उत्तर मिळते? त्यासोबत घरी एक साधी वही ठेवावी. शाळा, क्लब, शिबिर आणि सोसायटीतला खेळ या सगळ्यांचे चेंडू त्यात रोज रात्री मुलानेच लिहावेत आणि ती वही प्रत्येक प्रशिक्षकाला दाखवावी. चार ठिकाणी वाटलेला भार एकत्र दिसण्याची ती बहुधा एकमेव जागा असेल.