दोन द्राक्षांची एक वाइन: 'ब्लेंड' म्हणजे भेसळ असते का?

पुण्यातल्या एखाद्या वाइन शॉपमध्ये उभे राहा. व्हाइट वाइनच्या एका बाटलीवर 'शार्डने' लिहिलेलं असतं, दुसरीवर 'सोव्हिन्यॉं ब्लां' आणि तिसरीवर ही दोन्ही नावं असतात. ती 'ब्लेंड' आहे असं कळलं की पहिली शंका येते, "म्हणजे मिक्स? भेसळ तर नाही ना?"

तर नाही. ही पद्धत फ्रान्समध्ये खूप जुनी आहे. तिथल्या बोर्दो भागातली व्हाइट वाइन मुख्यतः सोव्हिन्यॉं ब्लां आणि सेमियों या दोन द्राक्षांपासून बनते. एकामुळे तजेलदार आंबटपणा येतो, दुसऱ्यामुळे वाइनला भरीवपणा येतो.

आपल्याकडचं उदाहरण कोणतं?

त्यासाठी सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला जावं लागेल. इथल्या 'फ्रातेल्ली' वाइनरीच्या नावाचा इटालियन भाषेतला अर्थ आहे 'भाऊ'. इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून ती सुरू केली. द्राक्षाची रोपं आणली फ्रान्समधून.

त्यांची 'एम/एस व्हाइट' ही शार्डने आणि सोव्हिन्यॉं ब्लां यांचं ब्लेंड आहे. एम म्हणजे त्यांचे इटालियन वाइनमेकर पिएरो मासी आणि एस म्हणजे स्टीव्हन स्पुरियर. हे तेच स्पुरियर, ज्यांनी 1976 साली पॅरिसमध्ये डोळे झाकून चव घेण्याची स्पर्धा भरवली आणि त्यात कॅलिफोर्नियाच्या वाइननं फ्रान्सला हरवलं.

पण मिसळायचं कशाला?

कारण आपलं हवामान. युरोपात द्राक्ष तोडतात उन्हाळा सरताना, थंडी सुरू होताना. आपल्याकडे वर्षातून दोन छाटण्या होतात. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. मग तोडणी येते साधारण जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे ऊन वाढत असताना.

उन्हात द्राक्षातली साखर भराभर वाढते आणि आंबटपणा उतरतो. आंबटपणा गेला की व्हाइट वाइन बेचव लागते. म्हणून तोडणी बऱ्याचदा पहाटेच्या गारव्यात उरकतात. एवढं करूनही एखाद्या जातीत जे कमी पडतं, ते दुसरीतून भरून काढता येतं. साधारणपणे प्रत्येक जातीचा रस वेगळ्या टाकीत आंबवतात, नंतर चव घेत घेत प्रमाण ठरवतात. थोडक्यात, गोडा मसाला करताना आपण जे करतो तेच.

मग भेसळ कशाला म्हणायचं?

लेबलवर एक लिहून आत दुसरंच भरलं तर. युरोपियन युनियनमध्ये बाटलीवर एकाच द्राक्षाचं नाव छापायचं असेल, तर त्या जातीचं प्रमाण किमान 85 टक्के लागतं. म्हणजे एकच नाव असलेल्या बाटलीतही 15 टक्क्यांपर्यंत दुसरं द्राक्ष असू शकतं. उलट ब्लेंडवर बऱ्याचदा दोन्ही नावं उघड छापलेली असतात.

त्यामुळे 'ब्लेंड' शब्द पाहून बाटली हलकी समजू नका आणि भारीही समजू नका. लेबल वाचा. आणि हो, द्राक्षं एक असोत की दोन, वाइनमध्ये साधारण 12-13 टक्के अल्कोहोल असतं. ते ब्लेंड केल्यानं कमी होत नाही.