राधानगरीच्या सावलीतील माशीमार

राधानगरीचे अरण्य म्हटले, की कोल्हापूरकरांच्या डोळ्यांसमोर गवा उभा राहतो. राजर्षी शाहू महाराजांच्या काळातील दाजीपूरचे हे शिकारीचे राखीव रान १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झाले. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील निवडक स्थळांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत राधानगरीही आहे. याच रानात, झुडपांच्या गर्द सावलीत, मूठभर आकाराच्या माशीमार पक्ष्यांचे निराळे जग नांदते.

फांदीवर निश्चल बसावे, उडता कीटक दिसताच झेप घ्यावी आणि पुन्हा बैठकीवर परतावे, ही माशीमारांची रीत. रुंद, चपटी चोच आणि तिच्या मुळाशी असलेले राठ केस ही त्यांची ओळख. मात्र माशीमार म्हणवणारे सारेच एका कुळातील नव्हेत. पांढरी फीत मिरवणारा स्वर्गीय नर्तक आणि शेपटीचा पंखा फुलवणारा नाचण यांची कुळे वेगळी आहेत. लाल छातीचा माशीमार तर युरोपाकडून येणारा हिवाळी पाहुणा.

खऱ्या माशीमारांत ‘सायॉर्निस’ ही उष्ण कटिबंधीय आशियातील प्रजाती विशेष देखणी. तिच्यातील टिकेलचा निळा माशीमार मोकळ्या झाडीत आणि सावलीच्या बागांतही रमतो. नराची पाठ निळी, तर छाती नारिंगी असते. त्याचाच भाऊबंद पांढऱ्या पोटाचा निळा माशीमार. याची छातीही निळी; मादी मात्र तपकिरी, नारिंगी गळ्याची. हा पक्षी पश्चिम घाटाबाहेर जगात कोठेही आढळत नाही. बांबूची बेटे, ओढ्याकाठची दाट झुडपे हेच त्याचे घर.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. उंच वृक्ष राखले म्हणजे वन राखले, असा आपला समज असतो. परंतु खालची झुडपे ‘साफसफाई’त गेली, तर वृक्ष उभे असूनही या पक्ष्याचा निवारा नाहीसा होतो. हिरवळ दिसते, आसरा उरत नाही.

आपल्या समाजात वृक्षारोपणासाठी सढळ हाताने दान देणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्या दानाबरोबर थोडे अभयही द्यावे. शेताच्या बांधावर, ओढ्याकाठी, बंगल्याच्या आवारात एखादा कोपरा न छाटता, औषध न फवारता राखावा. लावलेल्या झाडाइतकेच न तोडलेल्या झुडपाचेही मोल आहे.